खताच्या चुंगडीची झोळी

तागाचं पोतं आमच्या गावातून हळूहळू नाहीसं झालं, तेव्हा कोणी हळहळलं नाही. मी तर खूशच झाले. तागाचा भुसा नाकात जायचा, पोतं एकदा भिजलं की आठ दिवस वाळायचं नाही, आणि उंदरांना ते सासर-माहेर दोन्ही होतं. त्याच्या जागी खताची पांढरी चुंगडी आली. आमच्याकडे पोत्याला चुंगडी म्हणतात. ही चुंगडी प्लास्टिकच्या चपट्या, चकचकीत फितींची विणलेली असायची आणि आत पातळ पन्नीचं अस्तर. पन्नी ओढली की फाटायची, पण बाहेरचं विणलेलं कापड दोन माणसांनी दोन्हीकडून ओढलं तरी हूं की चूं करत नसे. गावात त्याला नुसतं ‘कडक प्लास्टिक’ म्हणत. त्याला इंग्रजीत घनतेवरून भारदस्त नाव आहे, हे मला फार पुढे कळलं.

त्या चुंगडीने मला गावात नाव मिळवून दिलं. आणि त्याच चुंगडीपायी एका बाईची वावरातली जागा गेली. ती माझ्यामुळे गेली. एवढं सरळ वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकते.

मी लग्न होऊन आंजीजवळच्या त्या गावात आले ती सत्तरचं दशक संपता संपता. माहेर शहरातलं. वडील एका कापडगिरणीत रंगखात्यात कामाला होते. त्यांच्या नखांच्या कडा कायम निळ्या असत. त्यांनी मला लग्नात पायमशीन दिली. सासरी तिचं कौतुक झालं ते चार दिवस. पाचव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “मशीन छान आहे वं, पन शिवशीन काय?” प्रश्न खरा होता. त्या घरात वर्षाला चार लुगडी आणि दोन धोतरं यायची, तीही शिवायची नसतात. मशीनवर कणसाची टोपली ठेवली जाऊ लागली. माझा जीव त्या टोपलीखाली गुदमरायचा.

मग एका उन्हाळ्यात न्हाणीचा पडदा कुजला. पडवीत खताच्या रिकाम्या चुंगड्या पडल्या होत्या. मी दोन घेतल्या, विहिरीवर घासून धुतल्या, तरी खताचा खारट वास जाता जाईना. शिवण उसवली, कापड आडवं केलं आणि मशीनवर घातलं. पहिली सुई तुटली. दुसरी तुटली. अठरा नंबरची जाड सुई बाजारातून मागवली, तेव्हा टाका बसला. पडदा झाला. पाणी त्यावरून असं ओघळायचं की मी रिकामटेकड्यासारखी तांब्या तांब्या पाणी मारून बघायचे.

त्या पडद्यानंतर मी थांबले नाही. बंडीवरचं, म्हणजे बैलगाडीवरचं छप्पर केलं. बैलाच्या पाठीवर टाकायला झूल केली. बाजेची निवार सैल झाली तर चुंगडीच्या पट्ट्या दुमडून, शिवून बाज विणून काढली. पावसात डोक्यावरून घ्यायची खोळ केली. दिराची खोळ शिवताना छपाईची बाजू बाहेर राहिली, आणि नेमकी कमरेखाली हमालांसाठीची ‘आकडा लावू नये’ अशी इंग्रजीतली सूचना आली. गावातल्या शाळेच्या मास्तरांनी ती भर चौकात वाचून मराठीत समजावून सांगितली. दीर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, पण खोळ सोडली नाही.

बाया मला विचारायला येऊ लागल्या. मशीनवरची कणसाची टोपली उतरली. खोटं कशाला सांगू, माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

कापूस वेचायची झोळी ही त्याच्या पुढची पायरी. ती माझी स्वतःची कल्पना, आणि तिचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता.

आमच्या सासऱ्यांचा कापूस पंचक्रोशीत ओळखला जायचा. जमीन काही फार नव्हती, पण कापूस स्वच्छ. कवडी म्हणजे किडका, पिवळा कापूस ते वेगळा काढायला लावत. दव सुकल्याशिवाय पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला हात लावू देत नसत. वाळलेल्या पानाचा चुरा दिसला तर वेचलेला कापूस पुन्हा निवडायला बसवत. खरेदी केंद्रावर त्यांची बंडी लागली की कापूस तपासणारा ग्रेडर वरवर हात घालायचा आणि “दादाजी, तुमचा काय पाहाचा” म्हणून पुढे जायचा. सासरे हे वाक्य घरी येऊन सांगत नसत. पण त्या दिवशी ते जेवताना एक भाकर जास्त खात, आणि आम्ही समजून जायचो.

त्यांच्या वावरात पहिली पात एका मावशीची असायची. वेचणाऱ्या बाया ओळीने उभ्या राहतात, प्रत्येकीला पऱ्हाटीची एक ओळ मिळते, ती तिची पात. पहिली पात धरणारी बाई चाल ठरवते. ती थांबली की सगळ्या थांबतात. पहिल्या वेच्याच्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पूजा करून दहीभात शिंपडायचा मानही तिचाच. ही मावशी पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी. नवरा कधीचा वारलेला, एक मुलगी वडनेरला दिलेली. वीस वर्षं ती आमच्याच वावरात पहिली पात धरून होती. बोंडावर तिची बोटं पडली की कापूस एका ओढीत बाहेर यायचा आणि पानाचा एक कण त्याला लागलेला नसायचा.

मला वेचायला तिनेच शिकवलं. मी शहरातली, पहिल्या दिवशी बोटं रक्ताळून घेतली आणि बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मावशीने मला आपल्या शेजारची पात दिली आणि माझ्या पातीवरची अर्धी बोंडं चालता चालता आपणच वेचत गेली, म्हणजे मी मागे पडलेली दिसू नये. “बोंडाशी भांडू नको वं पोरी,” ती म्हणाली, “ते देतेच हाय.”

वेचणीला कमरेला बांधायची ओटी कापडाची असायची, जुन्या धोतराची किंवा लुगड्याची. ती दवाने ओली व्हायची, काट्यांनी फाटायची, भरली की कमरेला रुतायची. मी चुंगडीची झोळी बेतली. पुढे रुंद तोंड, खाली उघडायची पट्टी, कमरेला आणि गळ्यात बंद. खालची पट्टी सोडली की कापूस आपोआप ढिगावर. वजनाला काहीच नाही. मी ती कमरेला बांधून अंगणात फिरून दाखवली.

सासऱ्यांनी झोळी बोटात धरून चुरगाळली. “कापूस कापडातच पडला पाह्यजे,” ते म्हणाले.

“काऊन मामाजी? कापसाले समजते का, कशात पडला ते?”

अंगणात पाच-सहा माणसं होती. सगळी हसली. नव्या सुनेने सासऱ्याला असं बोलावं, त्याचीही मजा वाटली असेल. सासरे रागावले नाहीत, ते माझ्यावर कधीच रागावत नसत. “शिकेल सून आनली,” ते म्हणाले, “आता आयकाच लागन.” त्या दिवशी ते मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. आज वाटतं, माणूस आपलं म्हणणं खरं असतानाही प्रेमापोटी मागे सरकतो, आणि समोरच्याला ते कळतही नाही.

आता एक बारीक गोष्ट, पण सगळं तिच्यावरच आहे. चुंगडीचं कापड कातरीने कापलं की कापल्या कडेच्या फिती सुटायला लागतात. सुती कापडाच्या निघतात तशाच दशा. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यावर उपायही मीच शोधला होता. चुलीत सुरी तापवायची आणि कापलेली कड तिने डागायची. प्लास्टिक वितळून कड बांधली जाते. मेणबत्ती विझवल्यासारखा वास येतो, हात जरा पोळतो, पण फीत सुटत नाही. पहिल्या दहा-बारा झोळ्या मी अशा कड डागून केल्या. एका झोळीला अर्धी दुपार जायची.

मग मागणी वाढली. आमच्या बाया, शेजारच्या वावरातल्या बाया, आंजीच्या बाजारात भेटलेल्या बाया. वेचणी तोंडावर आलेली. मी कड डागायचं सोडून दिलं. नुसती एकदा दुमडायची आणि टाका मारायचा. वरून दोन्ही झोळ्या सारख्याच दिसत. लोकांनी वाखाणलं तेही सारखंच.

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीला मी माहेरी गेले. वडील घरी होते, वैतागलेले. त्यांनी मला गडद निळ्या कापडाचा एक तुकडा दाखवला. त्यात जागोजागी पांढऱ्या रेघा होत्या, बोटाएवढ्या, काही त्याहून लहान. रंग तिथे धरलाच नव्हता.

“कापसातून येऊन राह्यलं हे,” ते म्हणाले. “प्लास्टिकची फीत. सुतात काततानी तुटते, बारीक होते, कोनाले दिसत नाई. रंगात घातलं का मंग दिसते. प्लास्टिक रंग पीतच नाई न! अख्खा ताका गेला. कोन्या येड्यानं कापूस चुंगडीत वेचला, काय माहीत.”

मी कापड हातात घेतलं. रेघ नखाने खरवडली तर फितीचं टोक वर आलं. चपटं, चकचकीत. ते मी ओळखलं नसतं तर नवल. रंगखात्यातल्या माणसाची मुलगी मी, कशाला रंग लागतो आणि कशाला लागत नाही हे पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. मी तुकडा परत दिला आणि फराळाचं ताट आणायला आत गेले. वडिलांनासुद्धा सांगितलं नाही. त्यांना तरी सांगता आलं असतं. ते फार तर ओरडले असते.

सासरी परतताना बसमध्ये ठरवलं, की गाजावाजा न करता घरच्या झोळ्यांच्या कडा डागून टाकायच्या. कोणाला कळायचं कारण नाही. पण परतले तेव्हा वेचणी जोरात सुरू होती, झोळ्या रोज बायांच्या कमरेला, आणि मागायच्या तर कारण सांगावं लागणार. एक-दोन डागल्या. बाकीच्या पुढच्या आठवड्यात करू म्हटलं.

पुढच्या आठवड्यात सासरे बंडी घेऊन केंद्रावर गेले. मी तिथे नव्हते. काय झालं ते दिराने सांगितलं. ग्रेडर नवीन आला होता. त्याने वरवर हात घातला नाही, कोपरापर्यंत घातला, आणि वीतभर पांढरी फीत ओढून काढली. मग दुसरी. तिसरी. त्याने त्या सासऱ्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि विचारलं, “दादाजी, हे काय आहे?” आजूबाजूला बंड्यांची रांग होती. सगळे ओळखीचे. ज्यांच्या कापसात पानाचा चुरा असायचा तेसुद्धा बघत होते. सासऱ्यांचा कापूस बाजूच्या ढिगावर गेला, दुय्यम मालाच्या. असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

ते घरी आले, हातपाय धुतले, आणि टोपीच्या घडीतून त्या तीन फिती काढून सासूबाईंसमोर ठेवल्या. भाकर अर्धीच खाल्ली. “कोनाचं तरी ध्यान नाई,” एवढंच म्हणाले. झोळीचा त्यांना संशयही आला नाही. ती मी शिवली होती, आणि माझं काम पक्कं असतं हे ते चारचौघांत सांगत फिरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याची घागर घेऊन वावरात गेले, तेव्हा बाया पातीवर उभ्या राहत होत्या. सासरे एकेकीकडे बघत ओळीने चालले. काय बघत होते कुणास ठाऊक. ते मावशीपाशी थांबले. ती पाठमोरी होती, डोक्यावरचा पदर घसरला होता. तिचा बुचडा चुंगडीच्या फितींनी बांधलेला होता. एक-दोन नव्हे, चांगल्या दहा-पंधरा फिती, एकीला एक गाठवलेल्या.

“हे कुठून आनलं?” सासऱ्यांनी विचारलं.

मावशीने बुचड्याला हात लावला. “चुंगडीचं हाय, पाटील.”

“ते दिसून राह्यलं मले. वीस वर्सं झाली तुले माह्या वावरात. केसाले सुताची दोरी भेटली नाई? त्याचे धागे गळून माह्या कापसात जाऊन राह्यले!”

मावशी त्यांच्याकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कोणी दार उघडेल म्हणून आपण उभे असतो, तसं. माझ्या कडेवर घागर होती. मी ती खाली ठेवली, वाकून तिच्या तळाची माती पुसली, आणि पुसतच राहिले.

तिथे मला एकच वाक्य बोलायचं होतं. मामाजी, फिती माह्या झोळीच्या आहेत. फार काय झालं असतं? माझं हसं झालं असतं. मशीनवर पुन्हा टोपली आली असती. सासऱ्यांना वाईट वाटलं असतं आणि दोन दिवसांनी ते विसरले असते. हे सगळं मी आज शांतपणे मांडू शकते. तेव्हा मला फक्त घागरीचा तळ दिसत होता.

“उद्यापासून येऊ नको,” सासरे म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. त्यांनाही ते सोपं नव्हतं.

मावशीने कमरेची झोळी सोडली. तिची घडी घातली, चांगली चौकोनी, आणि ती सासऱ्यांना न देता माझ्या हातात दिली. मग धुऱ्याधुऱ्याने निघून गेली. बाया उभ्याच होत्या. पहिली पात मोकळी, आणि चाल कोणी सुरू करायची हे कोणाला कळेना. शेवटी सासरेच ओरडले.

घरी येऊन मी ती घडी उलगडली. खालच्या बाजूची कड पार पिंजली होती. डागलेली नव्हती.

यापुढे मी जे केलं ते अधिक वाईट. मी सासऱ्यांना म्हटलं, “मामाजी, तुमचंच खरं होतं. कापूस कापडातच पडला पाह्यजे. मी धोतराच्या ओट्या शिवून देतो साऱ्याइले.” आमच्याकडे बायाही ‘देतो’ म्हणतात. ते इतके खूश झाले की त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी गावातल्या झोळ्या गोळा केल्या, ज्यांना द्यायच्या नव्हत्या त्यांना कापडाची जास्तीची ओटी देऊन घेतल्या. त्या मोसमात सासऱ्यांच्या कापसात पुन्हा फीत सापडली नाही. पुढच्या वर्षी जुना ग्रेडर परत आला आणि बंडी न तपासता पुढे गेला.

म्हणजे काय झालं ते लक्षात घ्या. मावशी गेली आणि फिती थांबल्या. गावाला याहून मोठा पुरावा लागत नाही. जे आधी म्हणत होते की म्हाताऱ्याने उगाच बाईला हाकललं, तेही म्हणायला लागले की खरंच होतं म्हणायचं. बाकीच्या वावरवाल्यांनीही तिला पहिली पात दिली नाही. कुणी मागची दिली, कुणी तण काढायला, निंदणाला बोलावलं, वेचणीला नाही. मी माझी चूक दुरुस्त केली, आणि त्या दुरुस्तीने तिच्यावरचा आळ पक्का केला. दोन वर्षांनी ती गाव सोडून मुलीकडे वडनेरला गेली, असं कानावर आलं. मी तेव्हा मशीनवर कुणाच्या तरी लग्नाचं पोलकं शिवत होते. टाका चुकला नाही.

ऐंशीच्या त्या दशकात गावात कडक प्लास्टिकचं काय काय आलं. तांब्याची घागर जाऊन पिवळी, निळी घागर आली, हलकी म्हणून पोरीबाळींना सोयीची. अंबाडीचे दोर वळणारा म्हातारा रिकामा बसला, बैलांच्या गळ्यात प्लास्टिकचा दोर आला आणि त्याने कातडी सोलली तरी तो तुटत नव्हता. वावरात काळा पाइप आला, दूरच्या विहिरीचं पाणी एका दिवसात इकडे. मोठे निळे डबे आले. आधी त्यात कसलं तरी औषध असायचं, मग धुऊन धान्य, मग लग्नात पाणी. लोकांनी प्रत्येक वस्तूचं चार प्रकारे काहीतरी केलं, आणि मला त्यात गंमत वाटायची. आताही वाटते. मी प्लास्टिकला दोष देत नाही. त्याने कधी सांगितलं नव्हतं की माझी कड डागू नका.

सासरे पुढे थकले. अंगणात बाजेवर पडून असत, त्याच बाजेवर, जी मी विणली होती. एकदा वेचणीच्या दिवसांत ते म्हणाले, “त्या बाईसारखी पात कोनी धरली नाई पाह्य. कशाले तिनं तसं केलं असन?” मी त्यांचे पाय चेपत होते. तोंडापर्यंत शब्द आले. पण वाटलं, या वयात यांना कशाला त्रास? असं आपण म्हणतो ना, दुसऱ्याला त्रास नको. त्यात दुसरा किती असतो आणि आपण किती, ते ज्याचं त्याला माहीत. ते तसेच गेले. माझ्यावर विश्वास ठेवून आणि तिच्याबद्दल चुकीचं मनात धरून.

त्यांचं तेरावं झालं आणि मी वडनेरला जायला निघाले. आता सासऱ्यांना काही कळायची भीती उरली नव्हती, म्हणून धीर झाला. हेही कौतुकाचं नाही. वर्ध्याला बस बदलली, हिंगणघाटला बदलली. वडनेरला उतरून विचारत विचारत गेले. मुलीचं घर गावाबाहेर, मागे भाजीची वाडी. मावशी वांग्याच्या वाफ्यांपाशी बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. केस पार पांढरे झाले होते. मला बघून उठली, हात पुसले, “ये वं पोरी” म्हणाली, आणि आधी पाणी दिलं. सासऱ्यांचं सांगितलं तर डोळ्यांना पदर लावला. “भला मानूस होता,” ती म्हणाली, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग मी बोलले. सगळं. डागलेली कड, न डागलेली कड, वडिलांचा निळा तुकडा, घागर. बोलताना रडले, आणि रडताना मनात कुठेतरी हेही होतं, की आता ही म्हणेल, जाऊ दे. त्यासाठीच तर आले होते.

मावशीने जुडी बांधून बाजूला ठेवली.

“मले माहीत होतं,” ती म्हणाली. “तुह्या झोळीचे धागे सुटत, अन कापसात पडत. मी एकेक वेचून काढो. खाली फेकलं तं वारा पुन्हा बोंडातच नेते. मंग कुठं ठेवाव? केसाले बांधून ठेवो.”

मी तिच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं.

“मंग तेव्हाच काऊन नाई सांगतलं, मावशी?”

“मी सांगून काय होते? पाटील म्हनले असते, सुनेवर घालून राह्यली. ते तूच सांगाचं होतं.” तिने पुढची जुडी हातात घेतली. “म्हटलं, पोरगी हाय, घाबरली असन. आज ना उद्या सांगन. दोन वर्सं वाट पाह्यली. दुसऱ्याच्या वावरात निंदाले जातानी तुह्याच दारावरून जाओ. तो रस्ता लांबचा पडे मले. पन म्हटलं, आवाज देईन कधीतरी.”

ती हे चिडून म्हणाली नाही. मेथी बांधत म्हणाली. आणि ‘जाऊ दे’ म्हणाली नाही, ते बरंच केलं.

कारण ती दारावरून जायची, ते मला माहीत होतं. रोज सकाळी मी अंगणात सडा टाकत असायचे. ती वळणावर दिसली, की मी बादली उचलून आत जायचे.